फड त्यांचा, मत आपलं

(हिंगोली जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीसाठी कार्यकर्त्यांनी तीन विषय लिहून दिले आहेत : कापसाचा भाव, सोयाबीनची खरेदी आणि पीक विमा. तिन्हींवर बोलायचं आहेच. पण त्याआधी अर्धा तास आम्ही दुसऱ्याच गोष्टीसाठी मागून घेतला आहे, आणि ती गोष्ट या तिन्ही विषयांच्या मुळाशी आहे.

गेले दोन महिने आम्ही सेनगाव, औंढा, कळमनुरी, वसमत आणि हिंगोली या पाचही तालुक्यांत फिरलो. पारावर बसलो, टपरीवर चहा घेतला, कापूस वेचणाऱ्या बायांशी बांधावर बोललो. सगळीकडे एकच अनुभव. कापसाचा विषय काढला की दहा मिनिटांत बोलणं निवडणुकीवर जातं. निवडणुकीवर गेलं की पुढच्या दहा मिनिटांत कुणाची सभा कशी रंगली, कोण कुणाला काय बोललं, कुणाचा व्हिडिओ किती लोकांनी बघितला, इथं येऊन थांबतं. कापूस तिथंच राहतो.

लोक काय म्हणतात ते आम्ही लिहून घेतलं. "सगळे सारखेच." "एका मतानं काय व्हतंय?" "सभेला गर्दी त्याच्याच हाय, म्हंजे त्योच येणार. मग आपलं मत वाया कामून घालवायचं?" "देतात तर घ्यावं, मत आपल्याला द्यायचं त्याला द्यावं." एक बाई म्हणाली, "आमचं मत मालक सांगतील तिकडं." आणि एका म्हाताऱ्या बाबानं सांगितलं, "आमच्या टायमाला तमाशात राजकारण यायचं. आता राजकारणातच तमाशा आला, तर तमाशा बघायला वेगळं तिकीट कशाला काढावं?"

ही मतं सांगणारे अडाणी नाहीत. व्यापाऱ्याच्या काट्यात शेरभराची खोट असली तर लांबून ओळखणारी माणसं आहेत ही. म्हणून त्यांच्या बोलण्याची टिंगल करायला आम्ही उभे नाही. एकेक मत घेऊन त्याचा हिशेब करू.

हा अधिकार आला कुठून

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी हा मुलूख निजामाचा होता. सारा कुणी घ्यायचा, किती घ्यायचा, हे कुळाला विचारायची रीत नव्हती. शेजारच्या इंग्रजी मुलखातसुद्धा सगळ्यांना मत नव्हतं; जमिनीचा सारा भरणारे, कर देणारे, शिकलेले अशा थोड्यांनाच ते होतं. सालगड्याला नाही, मजुराला नाही, बहुतेक बायांना नाही.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामी गेली. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली आणि तिच्या ३२६ व्या कलमानं एका रात्रीत जमीनदाराच्या आणि सालगड्याच्या मताची किंमत सारखी झाली. वय तेवढं एकवीसच्या वर पाहिजे. ते अठरावर आलं १९८९ मध्ये. स्वित्झर्लंड हा किती सुधारलेला देश म्हणून सांगतात, पण तिथल्या बायांना देशाच्या निवडणुकीत मत मिळालं १९७१ साली. आपल्या मायबहिणींना त्याच्या वीस वर्षं आधी मिळालं होतं.

१९५१-५२ च्या हिवाळ्यात पहिली निवडणूक झाली. देशात सतरा कोटींच्या वर मतदार, त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नाही. म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर चिन्ह. मत कसं टाकायचं हे लोकांना कळावं म्हणून एक माहितीपट काढला आणि तीन हजारांवर सिनेमा थेटरांत दाखवला. म्हणजे करमणुकीचा पडदा आणि मतपेटी यांची गाठ आजची नाही. पहिल्याच निवडणुकीला पडली. फरक एवढाच, की तेव्हा पडदा मत कसं द्यायचं ते शिकवत होता. आज कुणाला द्यायचं ते शिकवतो.

त्याच निवडणुकीतली आणखी एक गोष्ट बायांनी ध्यानात ठेवावी. याद्या करणारा माणूस घरी आला की देशात कितीतरी बायांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच सांगितलं. त्यांत बहुतेक उत्तरेकडच्या होत्या. अशी सुमारे अठ्ठावीस लाख नावं निवडणूक आयोगानं यादीतून काढून टाकली. नाव सांगितलं नाही, म्हणून मत गेलं. आज नाव सगळ्याजणी सांगतात. पण "मालक सांगतील तिकडं" म्हणणं, हे नाव न सांगण्याहून किती वेगळं आहे? मत द्यायच्या जागी पुठ्ठ्याचा आडोसा कशासाठी लावलेला असतो? तिथं मालक दिसत नाही, सरपंच दिसत नाही, सावकारही दिसत नाही. बाईच्या आयुष्यात असा आडोसा किती वेळा येतो, ते तिचं तिनं मोजावं.

एका मतानं काय होतं

लांब जायला नको. २०१४ च्या लोकसभेला आपल्या हिंगोली मतदारसंघात राजीव सातव निवडून आले. किती मतांनी? १ हजार ६३२. हिंगोली, कळमनुरी, वसमत आणि तिकडं हदगाव, किनवट, उमरखेड, असे सहा विधानसभा मतदारसंघ मिळून हा लोकसभेचा मतदारसंघ होतो. सहा मिळून मतदान केंद्रं हजाराच्या पुष्कळ वर जातात. वाटणी करून बघा. दर केंद्रामागं एखाद-दुसरं मत इकडचं तिकडं झालं असतं तर खासदार दुसरा झाला असता. एका केंद्रात दोन माणसं पाण्याची पाळी आहे म्हणून शेतात थांबली, एवढ्यात निकाल फिरतो. कोण यायला पाहिजे होतं हा आमचा मुद्दा नाही. एका मतानं काय होतं, हे विचारणाऱ्याला आपल्याच जिल्ह्यानं उत्तर दिलेलं आहे.

"सगळे सारखेच" म्हणणाऱ्यालाही कायद्यानं जागा केली आहे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं 'वरीलपैकी कुणी नाही' हे बटण आलं. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये या बटणाला २७ हजार ५०० मतं पडली आणि ते दुसऱ्या नंबरवर राहिलं. उभी राहिलेली बाकीची माणसं त्याच्या मागं. त्या बटणानं कुणी पडत नाही, हे खरं. पण राग मोजला तरी जातो. घरी बसून केलेला राग कुणी मोजत नाही. त्याची नोंद 'गैरहजर' अशीच होते.

आणि मताचा धाक कसा असतो ते कांद्यावरून बघा. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली. नाशिककडचा शेतकरी ओरडत राहिला. ४ मे २०२४ ला बंदी उठली. नाशिक-दिंडोरीचं मतदान होतं २० मे ला. उठवतानाही किमान निर्यात किंमत आणि चाळीस टक्के शुल्क लावून ठेवलंच. तरी दिंडोरीत केंद्रातल्या मंत्री भारती पवार पडल्या आणि भास्कर भगरे नावाचे शिक्षक निवडून आले. मग विधानसभा जवळ आली तसं सप्टेंबरमध्ये किमान किंमत काढली आणि शुल्क निम्म्यावर आणलं. कुलूप तेच, किल्ली तीच. मतदानाची तारीख जवळ आली की फिरते.

आता कापसाचं बघा. १९ ऑगस्ट २०२५ ला परदेशी कापसावरचं अकरा टक्के आयात शुल्क काढलं. आधी सप्टेंबर अखेरपर्यंत म्हणाले, मग डिसेंबर अखेरपर्यंत वाढवलं. म्हणजे बरोबर आपली वेचणी आणि विक्री चालते तेवढे महिने. त्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव कागदावर ८ हजार ११० रुपये. आम्ही खुल्या बाजाराला भीत नाही. पण आमचा भाव चढला की निर्यातीचं दार बंद आणि आमचा माल निघाला की आयातीचं दार उघडं, याला खुला बाजार म्हणत नाहीत. तो आठवडा पोळ्याचा होता. आपण बैलांची शिंगं रंगवत होतो. ते करायलाच पाहिजे. पण पोळा फुटल्यावर पारावर बसलो तेव्हा किती गावांत या अकरा टक्क्यांचं बोलणं निघालं? आम्ही विचारलं. बहुतेक गावांत उत्तर आलं, "ते काय आपल्याला कळालंच न्हाई."

फड, पडदा आणि सभा

मग कळालं काय होतं? कोण कुणाला काय बोललं, ते शब्द न् शब्द पाठ होतं.

इथं थांबून एक सांगतो. करमणुकीला नावं ठेवणाऱ्यांतले आम्ही नाही. दिवसभर डवरणी केलेल्या माणसानं रात्री भजनाला बसावं, जत्रेत तमाशाला जावं, मोबाईलवर गाणं ऐकावं. कोरडवाहू शेतकऱ्यानं हसायचं नाही, असं कोणत्या शास्त्रात लिहिलंय? शहरातल्या माणसानं सिनेमा बघितला तर विरंगुळा आणि खेड्यातल्यानं बघितला तर उधळेपणा, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

आणि आपली करमणूक आंधळी कधीच नव्हती. गण, गौळण, बतावणी झाली की वग सुरू होतो. वगात राजा असतो, प्रधान असतो, आणि राजाच्या तोंडावर त्याची चूक सांगणारा सोंगाड्या असतो. लोक सोंगाड्याला हसतात आणि हसता हसता राजाला ओळखतात. सत्यशोधकांनी जलसे काढले, पुढं आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफावर थाप मारून माणसं उठवली. जब्बार पटेलांच्या 'सामना' आणि 'सिंहासन' या सिनेमांनी सत्तेतल्या माणसांचे व्यवहार पडद्यावर उघडे केले. या सगळ्या करमणुकीत बघणारा शहाणा होत होता.

आज उलटं झालं आहे. सोंगाड्याची जागा राजानंच घेतली आहे. नकला तोच करतो, शिव्या तोच देतो, टाळ्या तोच घेतो. दुसऱ्याच्या पक्षातल्या राजाची खोड काढून दाखवतो आणि आपण खूष होतो. पण स्वतःची खोड सांगणारा त्याच्या मंचावर कुणी नसतो.

हिंगोलीचं रामलीला मैदान आपल्या सगळ्यांना माहीत आहे. दसऱ्याला तिथं रामलीला होते, रावण जळतो. त्याच मैदानावर निवडणुकीच्या सभा होतात. दसऱ्याला आपण रावण जळताना बघायला जातो आणि घरी येतो. राम कोण होता, रावण कोण होता, हे सोंग उतरवल्यावर विचारायचं नसतं. सभेला मात्र तेच विचारायचं असतं. आपण तिथंही सोंगच बघून घरी येतो.

नटांनी राजकारणात यावं का? अवश्य यावं. शेतकऱ्यानं यावं तसं नटानंही यावं. १९८२ मध्ये एन. टी. रामारावांनी तेलुगू देसम काढला आणि १९८३ च्या जानेवारीत ते आंध्रचे मुख्यमंत्री झाले. सिनेमात देवाचं काम करत होते म्हणून लोक आले, हे खरं. पण त्यांनी दोन रुपये किलो तांदळाचा शब्दही दिला होता. लोकांनी सोंगाबरोबर शब्दही बघितला. दूरदर्शनवर 'रामायण' लागायचं तेव्हा गावात एका टीव्हीपुढं सगळी आळी बसायची. १९९१ मध्ये त्यातली सीता गुजरातमधून खासदार झाली आणि रावणही झाला. दोघंही एकाच पक्षाचे! अमिताभ बच्चन १९८४ ला अलाहाबादहून प्रचंड मतांनी आले आणि १९८७ ला राजीनामा देऊन परत गेले. गोविंदा २००४ ला मुंबईतून आला, पाच वर्षं झाली, पुन्हा उभा राहिला नाही. नटाचं काही बिघडलं नाही, त्याला त्याचा धंदा होता. पाच वर्षं बिघडली ती मतदारांची.

पण गर्दी म्हणजे मत नाही, हेही मराठवाड्यानं दाखवून दिलं आहे. २०२४ ला लातूर ग्रामीणमध्ये धीरज देशमुखांच्या प्रचाराला त्यांचे भाऊ रितेश देशमुख आले. भाषण महाराष्ट्रभर मोबाईलवर फिरलं. निकाल लागला, धीरज देशमुख पडले. तेव्हा "गर्दी त्याच्याकडं म्हंजे त्योच येणार" या हिशेबावर ज्यांनी मत टाकलं असेल त्यांचं काय झालं? मत म्हणजे मटक्याचा आकडा नाही. येणाऱ्यावर लावला म्हणून त्याचे पैसे मिळत नाहीत.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'बिग बॉस मराठी' संपलं आणि मोढव्याचा सूरज चव्हाण जिंकला. गरिबाघरचं खेड्यातलं पोरगं जिंकलं, आम्हालाही आनंद झाला. आपल्या पोरापोरींनी मोबाईलवरून त्याला मतं दिली. रोज आठवणीनं दिली. त्याच दिवसांत विधानसभेच्या मतदार यादीत नाव घालायची मुदत चालू होती. त्याच पोरांना आम्ही विचारलं, अठरा पूर्ण झाले, यादीत नाव घातलं का? दहातल्या चारांनी माना खाली घातल्या. त्या खेळात एकाच माणसाला पुन्हा पुन्हा मत देता येतं, आणि नको असलेला गडी आठवड्याला बाहेर काढता येतो. आपल्या खेळात मत एकच, आणि बसवलेला गडी पाच वर्षं हलत नाही. मग जास्त विचार कुठं करायला पाहिजे?

देऊन काढून घेतलेली मतं

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपण मत म्हटलं की आमदार-खासदाराचं धरतो. पण शेतकऱ्याच्या रोजच्या जगण्याला लागून असलेली मतं दुसरी आहेत, आणि गेल्या काही वर्षांत त्यांचं काय झालं ते बघा.

सरपंच. २०१७ मध्ये थेट लोकांनी निवडायचा ठरलं. २०२० मध्ये सरकार बदललं होतं, ते रद्द झालं. २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदललं, पुन्हा थेट निवड आली. गाव तेच, माणसं तीच. मुंबईत खुर्ची बदलली की गावातलं मत जातं आणि येतं.

बाजार समिती. ही तर आपल्या घामाची जागा. संचालक अठरा : सोसायट्यांच्या मतदारसंघातून अकरा, ग्रामपंचायतींमधून चार, व्यापारी-अडत्यांचे दोन, हमाल-मापाऱ्यांचा एक. व्यापारी आपला संचालक स्वतः मत देऊन निवडतो. हमाल आपला संचालक स्वतः निवडतो. आणि ज्याच्या मालावर बाजार उभा आहे तो शेतकरी? त्याच्या वतीनं सोसायटीचे संचालक आणि ग्रामपंचायतीचे सदस्य मत देतात. २०१७ मध्ये कायदा बदलला आणि किमान दहा गुंठे जमीन असलेल्या, त्या बाजारात माल विकणाऱ्या शेतकऱ्याला थेट मत मिळालं. २०२० मध्ये ते काढून घेतलं. २०२२ मध्ये परत देतो म्हणाले. आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये राज्यात समित्यांच्या निवडणुका झाल्या तेव्हा शेतकऱ्याला उमेदवार म्हणून उभं राहता आलं, मत मात्र देता आलं नाही. नवरदेवाला मांडवात बसू दिलं, अक्षता टाकायचा मान पाहुण्यांनाच!

जिल्हा परिषद आणि पंचायत समिती. फेब्रुवारी २०१७ ला निवडणूक झाली. मार्च २०२२ ला मुदत संपली. मग आरक्षणाचा वाद, गट-गणांच्या रचनेचा वाद, आणि कारभार प्रशासकाच्या हातात. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की निवडणुका घ्या. तीन वर्षांच्या वर आपल्या गटाला सदस्य नव्हता. शाळेची गळकी खोली, गावचा रस्ता, जनावरांचा दवाखाना, यासाठी जाऊन विचारायला आपला माणूसच नाही. भावांनो, तीन वर्षं मत नव्हतं, आणि त्यासाठी एका तरी गावात चूल बंद राहिली का? मोबाईलचा टॉवर दोन दिवस बंद पडला तर आपण मोर्चा घेऊन जातो.

आता मुख्यमंत्री कोण होणार यावर पारावर रात्र जागवणारे आपण, ही तीन मतं हातची गेली तेव्हा कुठं होतो? मोठ्या मंचाचा उजेड इतका, की आपल्या घरातला दिवा कधी विझला ते दिसलं नाही.

आणखी एक मत आहे, त्याचा उपयोग फार थोड्या गावांनी केला. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं मत. गावातल्या पंचवीस टक्के बायांनी सह्या करून मागणी केली की गुप्त मतदान घ्यावं लागतं. एका बाजूला उभी बाटली, दुसऱ्या बाजूला आडवी. पण अट अशी की एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. आलेल्यांपैकी नव्हे, एकूणांपैकी. म्हणजे जी बाई आली नाही, तिचं मत न बोलता उभ्या बाटलीलाच जातं. सगळ्या निवडणुकांत हे असंच असतं. इथं ते कायद्यानं उघड लिहून ठेवलं आहे इतकंच.

न येण्याचं कारण मात्र दर वेळी आळस नसतं. २०२४ ला विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं. तोच ऊसतोडीचा हंगाम. आपल्या तांड्यावरची, वाडीवरची जोडपी कोयते घेऊन साखरेच्या मुलखात निघालेली. सैनिकाला टपालानं मत देता येतं, निवडणुकीच्या कामावरच्या कर्मचाऱ्याला देता येतं. ऊसतोड्याला नाही. बाहेरगावी राहून मत देता येईल असं यंत्र निवडणूक आयोगानं जानेवारी २०२३ मध्ये पक्षांपुढं ठेवलं. बऱ्याच पक्षांनी शंका घेतल्या आणि ते तिथंच थांबलं. शंका खऱ्या असतील. मग दुसरा उपाय काढा. कोयत्याच्या हाताला शाई लागू नये, हे आम्हाला मान्य नाही.

एका गावात एक म्हातारी भेटली. तिचं नाव यादीतून 'मयत' म्हणून कमी झालं होतं. आम्हाला म्हणाली, "निराधारचे पैसे येतेत, तिथं मी जित्ती हाय. मताला गेले तं म्हणले तुम्ही मेल्या." आम्ही हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "नवरा मेला, पोरगा मेला, तरी मी मतं टाकायचं सोडलं न्हाई. त्या एका दिवशी तरी मला कुणी मागं सर म्हणत न्हाई." या म्हातारीला मताची किंमत कुणी शिकवली? तिला भाषण ऐकवायची गरज नाही. तिच्याकडून आपणच ऐकायला पाहिजे.

आमच्याही चळवळीची चूक

दुसऱ्याची खोड सांगणारा आणि स्वतःची झाकणारा, असं आमचंही होऊ नये. १९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनापासून शेतकरी चळवळीनं लाखालाखाच्या सभा भरवल्या. १९८४ ला शेजारी परभणीत अधिवेशन झालं. १९८६ ला चांदवडला बायांचं अधिवेशन झालं, तशी शेतकरी बायांची गर्दी त्याआधी कुणी पाहिली नव्हती. सुरुवातीला शरद जोशी मतं मागायची नाहीत म्हणत. पुढं १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. सभा लाखांच्या होत्या, पेटीतून तेवढी मतं निघाली नाहीत. असं का झालं? आंदोलनात आपण शेतकरी म्हणून गेलो आणि मतदानाला जातीचा, भावकीचा, सोयऱ्याचा माणूस म्हणून गेलो, हे एक कारण. दुसरं आमच्याकडचं. आम्हीही सभेच्या टाळ्यांवर खूष होत गेलो. मतदार यादी, केंद्र, गावातली शंभर माणसं, हे किचकट काम आम्ही केलं नाही. टाळी देणारा हात आणि बटण दाबणारं बोट एकाच माणसाचं असतं, पण मध्ये पुष्कळ दिवस जातात.

आता काय करायचं

२०२४ च्या विधानसभेला सोयाबीनला एका बाजूनं ६ हजार सांगितले, दुसऱ्या बाजूनं ७ हजार. हर्रास बोलल्यासारखं चाललं होतं. तेव्हा हमीभाव होता ४ हजार ८९२ आणि बाजारात त्याच्याही खाली विकत होतो. हर्रासात बोली बोलणाऱ्याला पैसे मोजल्याशिवाय माल उचलू देत नाहीत. आपण मात्र बोलीवरच माल देऊन टाकला. म्हणून पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक गावानं एवढी कामं करून यावं.

एक. मतदार यादी आणून पारावर मोठ्यानं वाचा. मेलेले जिवंत आणि जिवंत मेलेले किती, ते निघेल. नवीन नावाला सहा नंबरचा अर्ज, चुकीच्या दुरुस्तीला आठ नंबरचा. अठरा पूर्ण झाल्याची तारीख आता वर्षात चारदा धरतात : जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची एक तारीख. मतदानाच्या दिवशी ओरडून उपयोग नसतो.

दोन. केंद्रावर गेल्यावर तुमच्या नावावर कुणी आधीच मत टाकून गेलं असेल तर मुकाट परत येऊ नका. ओळख पटवून द्या आणि मतपत्रिका मागा. कायद्यात त्याला 'प्रदत्त मत' म्हणतात. तो तुमचा हक्क आहे, उपकार नव्हे.

तीन. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला तीनच प्रश्न. बाजार समितीत शेतकऱ्याला थेट मत देणार का? झेडपीची मुदत संपायच्या आत निवडणूक घेणार का? कापसाचा हंगाम चालू असताना आयातीचं दार उघडलं तर तुम्ही कुठं उभे राहणार? उत्तर वहीत लिहून घ्या, तारीख घाला. उमेदवाराचं शपथपत्रही वाचा. त्यात त्याची मालमत्ता आणि त्याच्यावरचे खटले लिहिलेले असतात.

चार. ग्रामसभेला जा. तिथं पडदा नाही, संगीत नाही, हार नाहीत, म्हणून तिथं कुणी जात नाही. पण तिथं हात वर केला तर तो मोजावा लागतो.

पाच. सभेला जायचं तर जा, हसायचं तर हसा. तमाशाला जा, दसऱ्याला रामलीला मैदानावर पोरांना घेऊन जा. पण घरी येताना एकमेकांना विचारा, त्यानं कापसाचं काय सांगितलं? ज्वारीचं काय सांगितलं? काहीच सांगितलं नसेल, तर आज करमणूक झाली एवढंच म्हणा आणि झोपा. मत अजून आपल्या खिशात आहे.

आपण कापूस विकतो तेव्हा व्यापारी चहा पाजतो, गोड बोलतो, पोराबाळांची चौकशी करतो. आपण चहा पितो, गोड बोलतो, आणि डोळा मात्र काट्यावर ठेवतो. मताच्या बाबतीत एवढंच करायचं आहे. चहा प्या, पण काट्यावरची नजर काढू नका.

आता कापसाच्या भावाचा विषय घेऊ. त्यावर बोलायला वसमतचे कार्यकर्ते उभे राहतील.

जय किसान!